फवारणीचा धोका आधी पारखा, मग संरक्षक साधने निवडा

पिकावरील कीड मारण्यासाठी आपण ज्याला औषध म्हणतो, ते वस्तुतः विष असते. किडीला मारणारे विष माणसाची गय करील, असे मानण्यास काहीही आधार नाही. तरीही अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, अनवाणी पाय आणि तोंडाला बांधलेला रुमाल एवढ्याच सामग्रीवर दिवसभर फवारणी करणारा मजूर आजही शेताशेतांतून दिसतो. उलटपक्षी, काही ठिकाणी संरक्षक साधनांचा संच मिळालेला असूनही तो घरात खुंटीला लटकत राहतो. कारण तो उकडतो, अवजड वाटतो आणि नेमका कशासाठी घालावयाचा हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

या निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने २०१७ साली मोजली आहे. त्या वर्षीच्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. अनेक शेतांत कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर व छातीवर येत होता. किडीचा जोर मोठा असल्याने दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारली जात होती, आणि एकच मजूर आज या शेतात, उद्या त्या शेतात असा दिवसामागून दिवस राबत होता. संरक्षक साधने तर बहुतेकांजवळ नव्हतीच. यांपैकी एकही गोष्ट आधी ओळखता न येण्याजोगी नव्हती. म्हणूनच पंप पाठीवर घेण्यापूर्वी धोका कसा पारखावा आणि त्यानुसार साधने कशी निवडावीत, याचा विचार या लेखात केला आहे.

धोका कशाने ठरतो?

धोका दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक म्हणजे औषध किती जहाल आहे, आणि दुसरी म्हणजे ते अंगाला किती, कोठे व किती वेळ लागते. जहाल औषध बाटलीत बंद असेपर्यंत धोका थोडा. सौम्य औषधाने मात्र दिवसभर कपडे भिजलेले राहिले तर धोका मोठा. यास्तव केवळ औषधाचे नाव पाहून निर्धास्त होणे किंवा घाबरून जाणे, दोन्ही चूक होय.

औषधाचा जहालपणा डब्यावरील रंगीत चौकोनावरून कळतो. या चौकोनाच्या खालच्या त्रिकोणात रंग भरलेला असतो. ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात त्या मात्रेवरून हे वर्ग ठरविले आहेत; मात्रा जितकी कमी तितके विष जहाल.

लाल रंग : अतिशय विषारी. तोंडावाटे घातक मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास १ ते ५० मिलिग्रॅम. वरच्या त्रिकोणात कवटी व हाडांचे चिन्ह असते.
पिवळा रंग : फार विषारी. मात्रा ५१ ते ५०० मिलिग्रॅम.
निळा रंग : मध्यम विषारी. मात्रा ५०१ ते ५००० मिलिग्रॅम.
हिरवा रंग : कमी विषारी. मात्रा ५००० मिलिग्रॅमहून अधिक.

ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही रंग ओळखता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रिकामी खोकी व लेबले बैठकीत नेऊन ही ओळख प्रत्यक्ष करून द्यावी. तसेच हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा समज होऊ देऊ नये. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. दोन औषधे एकत्र केली तर त्या मिश्रणाचा जहालपणा कोणत्याच डब्यावरून कळत नाही. म्हणून ज्या मिश्रणाची शिफारस नाही ते करूच नये.

विष अंगात कोणत्या वाटेने शिरते?

विष नाकातोंडावाटे शिरते, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून रुमाल बांधला जातो. परंतु फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणारे बहुतेक विष त्वचेवाटे जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्वचेला जळजळ झाली नाही म्हणजे विष शिरले नाही, असेही नाही. कित्येक औषधे तेलकट द्रावणात विरघळविलेली असतात आणि ती कातडीतून नकळत आत झिरपतात.

शरीराची सर्व त्वचा सारखीच विष शोषते असेही नाही. पॅराथिऑन या औषधाबाबत झालेल्या मोजणीत हाताच्या कोपराखालील भागातून शोषले जाणारे प्रमाण १ मानले, तर तळहातातून ते सुमारे सव्वापट, डोक्याच्या त्वचेतून साडेतीनपटीहून अधिक, कपाळातून सुमारे चौपट आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ बारापट आढळले. पाठीवरचा पंप गळत असला म्हणजे द्रव पाठीवरून ओघळत कमरेखाली नेमका याच जागी पोहोचतो. गळका पंप ही केवळ औषधाची नासाडी नसून जिवाशी खेळ आहे, तो यामुळेच. घामाने ओली झालेली व खरचटलेली कातडी विष अधिक शोषते, हेही ध्यानी घ्यावे.

कामाचे तीन टप्पे, तीन धोके

फवारणी हे एकच काम आहे असे समजून संरक्षणाचा विचार करणे बरोबर नाही. त्यात तीन वेगळे टप्पे असतात.

पहिला टप्पा औषध मोजून पाण्यात मिसळण्याचा. हे काम पाच-दहा मिनिटांचे असते, परंतु सर्वांत जोखमीचे तेच. समजा, १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर औषध घालावयाचे आहे. याचा अर्थ डब्यातील औषध फवाऱ्याच्या पाण्यापेक्षा ५०० पट तीव्र आहे. मिसळताना ५ मिलिलिटर औषध, म्हणजे चहाचा एक चमचा, हातावर सांडले, तर अडीच लिटर फवाऱ्यात जेवढे विष असते तेवढे त्या एका क्षणात हातावर पडते. असे असूनही अनेकजण डब्याच्या बुचानेच औषध मोजतात व उघड्या हाताने ढवळतात.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष फवारणीचा. येथे द्रव पातळ असतो, पण तो तासन् तास अंगावर पडत राहतो.

तिसरा टप्पा पंप धुण्याचा, तोटी साफ करण्याचा आणि भिजलेले कपडे धुण्याचा. काम संपले या भावनेने येथे मोजे आधीच काढले जातात. कपडे धुण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीवर येते आणि तिला त्या कपड्यांवर काय सांडले आहे याची वार्ताही नसते.

निळीच्या पाण्याचे प्रात्यक्षिक

धोका कोठे आहे हे सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी एक सोपे व बिनखर्चाचे प्रात्यक्षिक आहे. नेहमीचाच पंप आधी दोन-तीनदा स्वच्छ धुवावा आणि त्यात कपड्यांना घालावयाच्या निळीचे गडद पाणी भरावे. फवारणी करणाऱ्याने जुना पांढरा सदरा, पांढरी विजार व पांढरे सुती मोजे घालावेत, डोक्याला पांढरा रुमाल बांधावा आणि पिकाच्या दोन-चार ओळी नेहमीच्या पद्धतीने फवाराव्यात. मग सर्वांसमक्ष निळे डाग पाहावेत.

पाठीवर ओली पट्टी दिसली तर पंपाचे झाकण किंवा टाकीची सांध गळते. उजव्या मुठीवर डाग असेल तर कळीच्या जोडातील वायसर झिजले आहे. मांड्या व गुडघे निळे झाले असतील तर मनुष्य आपणच फवारलेल्या ओल्या पानांतून चालत आहे. कपाळ, छाती व रुमाल डागाळले असतील तर पीक उंच आहे किंवा वारा अंगावर येत आहे. असे प्रात्यक्षिक हंगामाच्या आरंभी गावात एकदा व पीक उंच झाल्यावर पुन्हा एकदा करावे. कारण जूनमधील गुडघाभर पिकात पाय भिजतात, तर ऑक्टोबरमधील उंच कपाशीत किंवा तुरीत तोंड भिजते. पीक तेच, पंप तोच, परंतु धोक्याची जागा बदललेली असते. ज्या जागी नीळ, त्या जागी संरक्षण, हा निवडीचा पहिला नियम होय.

साधनांच्या आधीचे उपाय

संरक्षक साधने ही शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे. त्या आधी पुढील गोष्टी क्रमाने विचारात घ्याव्यात.

फवारणीची खरोखर गरज आहे काय? शेतातून फिरून किडींची मोजणी करावी, कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत आणि कीड नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचली असेल तरच औषध वापरावे. जी फवारणी टळली तिच्यापासून विषबाधा होऊ शकत नाही.

कमी जहाल औषध चालेल काय? त्याच किडीवर शिफारस केलेले पिवळ्या, निळ्या वा हिरव्या त्रिकोणाचे औषध उपलब्ध असता लाल त्रिकोणाचे घेऊ नये.

पंप दुरुस्त आहे काय? वायसर, नळी व झाकण बदलण्याचा खर्च दवाखान्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. तोटी तुंबली तर ती तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रश वा गवताची काडी वापरावी.

कामाची आखणी बरोबर आहे काय? वारा ज्या कडेकडे वाहत जातो त्या कडेपासून फवारणीस आरंभ करावा, वाऱ्याला आडवे चालावे आणि प्रत्येक वेळी वारा जिकडून येतो त्या बाजूच्या, न फवारलेल्या ओळीकडे सरकावे. म्हणजे फवारा आपल्यापासून दूर जातो व ओल्या पानांतून चालावे लागत नाही. काम सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावे. एकाच माणसाला रोज फवारणीस लावू नये. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे मज्जातंतूंच्या कार्यास आवश्यक असे कोलिनेस्टरेझ नावाचे द्रव्य निकामी करतात. रक्तातील हे द्रव्य पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे आजची थोडी बाधा, उद्याची थोडी बाधा अशी साठत जाऊन एखाद्या दिवशी माणूस अकस्मात कोसळतो.

साधनांची पारख

हातमोजे : हे सर्वांत महत्त्वाचे साधन. नायट्राइल रबराचे, आत सुती अस्तर नसलेले व कोपराच्या खाली अर्ध्यापर्यंत येणारे मोजे घ्यावेत. सुती व कातडी मोजे औषध शोषून ते सतत त्वचेला लावून ठेवतात; ते घालण्यापेक्षा उघडे हात वारंवार धुणे बरे. वापरण्यापूर्वी मोज्यात पाणी भरून तो दाबून पाहावा. थेंब गळला तर तो फेकावा. ठेंगण्या पिकात तोटी खाली असते, तेव्हा सदऱ्याची बाही मोज्यावरून घ्यावी. उंच पिकात हात वर करावा लागतो, तेव्हा मोजा बाहीवर चढवावा व त्याची कड बाहेर दुमडावी. म्हणजे ओघळ कोपरापर्यंत जात नाही.

डोळ्यांचे संरक्षण : साध्या चष्म्याच्या बाजूंनी द्रव आत येतो. बाजू बंद असलेला चष्मा घ्यावा. औषध मिसळताना पूर्ण चेहऱ्यापुढे येणारी पारदर्शक ढाल अधिक चांगली.

मुखपट्टी : रुमाल भिजतो व विषाची पट्टी होऊन नाकाशी बसतो. भारतीय मानक ९४७३ ची खूण असलेली कणरोधक मुखपट्टी धूळ व सूक्ष्म कण अडविते. मात्र औषधाची वाफ अडवीत नाही. उग्र वासाच्या औषधासाठी व लेबलावर तशी सूचना असल्यास सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. मुखवट्याच्या आत वास येऊ लागला की डबी निकामी झाली असे समजून ती बदलावी. दाढीच्या केसांमुळे मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नाही.

कपडे : घट्ट विणीच्या जाड सुती कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार, डोक्यास टोपी, आणि नीळ जेथे उमटली तेथे, म्हणजे मांड्यांपुढे किंवा पाठीवर, प्लॅस्टिकचे आवरण. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात सर्वांगाला रबरी पोषाख चढविला तर उष्माघाताचा नवाच धोका उभा राहतो. सारेच अंग झाकण्यापेक्षा भिजणारे अंग नेमके झाकणे शहाणपणाचे.

पाय : रबरी गमबूट घालावेत व विजार बुटांच्या बाहेर ठेवावी. आत खोचल्यास ओघळलेला द्रव बुटात साचतो व पाय दिवसभर विषात बुडून राहतो.

तीन कामांची तीन उदाहरणे

उंच कपाशीवर फवारणी : मिसळताना मोजे, चेहऱ्याची ढाल, प्लॅस्टिकचा एप्रन व बूट. फवारताना मोजे बाहीवर, बंद चष्मा, टोपी, लेबलानुसार मुखवटा व छाती-मांड्यांपुढे आवरण.

द्राक्षबागेत गंधकाची भुकटी धुरळणे : येथे द्रव नाही, परंतु धूळ डोळ्यांत व श्वासात जाते. बंद चष्मा, कणरोधक मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक. एप्रनची गरज नाही.

थायरमसारख्या भुकटीने बीजप्रक्रिया : हात व श्वास यांना धोका. मोजे व कणरोधक मुखपट्टी वापरून बंद फिरत्या पिंपात बियाणे घोळावे. घमेल्यात हाताने कालवू नये.

काम संपल्यावर

मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत, मग बूट व चष्मा धुवावा आणि सर्वांत शेवटी मोजे काढावेत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत व धुणाऱ्या व्यक्तीनेही मोजे घालावेत. पंपाचे धुवण विहीर, ओढा वा गुरांच्या हौदाजवळ टाकू नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डबा भोक पाडून निकामी करावा. साधने औषधाच्या खोलीत ठेवू नयेत, अन्यथा तीही विषाने माखतात.

विषबाधेची चिन्हे व पहिली मदत

डोके दुखणे, मळमळ, फार घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे आणि छाती दाटणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची चिन्हे होत. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या लहान होतात. ‘ऊन लागले असेल’ म्हणून माणसाला सावलीत निजवून पुन्हा कामास लावणे प्राणघातक ठरू शकते. मदत करणाऱ्याने आधी स्वतः मोजे घालावेत. रोग्यास शेताबाहेर आणून भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे; डोळ्यांत औषध गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. शुद्ध नसल्यास कुशीवर निजवावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा लेबल रोग्याबरोबर पाठवावे. अॅट्रोपिनसारखा उतारा देणे डॉक्टरांचे काम. परंतु कोणते विष आहे हे कळले तरच ते वेळेवर देता येते. पॅराक्वाट या तणनाशकास तर नेमका उताराच नाही. तेथे प्रतिबंध हाच एक उपाय.

जबाबदारी कोणाची?

१९५८ साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर झालेल्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशके कायदा आला. त्याखालील १९७१ च्या नियमांत औषध हाताळणाऱ्यास, म्हणजे ते फवारणाऱ्यासही, योग्य पोषाखाचे संरक्षण असावे असे स्पष्ट म्हटले आहे. पोषाख, अर्ध्या हातापर्यंतचे मोजे, चष्मा व बूट यांचा त्यात उल्लेख आहे. रोजंदार मजूर स्वतःच्या पैशाने हा संच घेईल ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. म्हणून एक साधी रीत पाडावी : ज्याच्या घरचा पंप, त्याच्या घरचा संच. पंप शेतावर निघाला की मोजे, चष्मा, मुखवटा, आवरण, साबण व पाण्याची कळशी त्याबरोबर निघालीच पाहिजे. पंप भाड्याने वा उसना देणाऱ्यानेही संचाशिवाय तो देऊ नये, आणि मजुरानेही संचाशिवाय पंप उचलू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातील पंप एकत्र आणावेत, गळके पंप दुरुस्त करवून घ्यावेत, निळीचे प्रात्यक्षिक करावे आणि लेबलावरील रंग शिकवावेत. या कामी स्त्रियांना आवर्जून बोलवावे. कारण कपडे त्या धुतात, आणि घरच्या माणसाला मोज्याशिवाय शेतावर जाऊ न देण्याचा आग्रहही त्याच धरू शकतात. कीड आटोक्यात आली, उत्पन्न हाती आले, पण ते काढणारा माणूस अंथरुणास खिळला, तर त्या पिकाला फायद्याचे पीक म्हणता येणार नाही.